माझ्या कार्डातला तिरका फोटो

भूतबित, चमत्कार असलं मी कधीच मानलं नाही. मी फोटो एडिट करणारा माणूस. कुणाच्या डोक्यामागे तेजोवलय दिसलं तर ते मीच टाकलेलं असतं! तरी हे लिहितोय...

धुळ्यात सुनीलभाऊंचा स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो ते काढायचे. निवड, रंग, अल्बम हे पुढचं सगळं माझ्याकडे. त्यांचा फोटो नेहमी जरासा डावीकडे कललेला. तो सरळ करायचो मी, आणि कौतुक त्यांचं. पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा पाय मोडला. ते चोपड्याला घरी प्लास्टरमध्ये, आणि सोनगीरचं एक लग्न पहिल्यांदाच एकट्या माझ्याकडे आलं. आता दाखवतोच, म्हटलं.

पाठवणीच्या वेळी मी नवरीपासून हललो नाही. कॅमेरा गळ्यातच. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेऱ्यातलं कार्ड लॅपटॉपवर उतरवलं, हार्ड डिस्कवर कॉपी केली आणि निवडायला बसलो. नवरी, नवरी... आणि मधेच तिचे वडील! मांडवामागे, पाण्याच्या टँकरच्या आडोशाला, टोपी तोंडावर धरून रडणारे आबा. फाइलचे नंबर सलग. पण हा फोटो मी काढलाच नव्हता. डावीकडे कललेला... आणि माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा सरस.

तेवढ्यात सुनीलभाऊंचा फोन.

"कसं झालं रे लगीन?"

"मस्त," मी म्हटलं. फोटोबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"बरं. तो आबांचा फोटो सरळ नको करू."

"कोणता?"

"टँकरजवळचा..." ते थांबले. "मी असं काबर बोललो रे?"

रागानं मी तो सरळ करून पाहिला. त्यातला जीवच गेला. मग होता तसा ठेवला.

अल्बमचा नमुना घेऊन सोनगीरला गेलो. आबा त्या पानावर थांबले.

"तठे ते कोनीच नव्हतं," ते म्हणाले. मग डोळे पुसत, "हाऊच कव्हरले लाव. पन सुनील कव्हय उना व्हता? हाऊ ते त्यानाच हात शे!" घरची आधीची लग्नं सुनीलभाऊंनीच टिपलेली, म्हणून आबांनी त्यांचा हात ओळखला आणि ते कधी येऊन गेले, हे मलाच विचारत होते.

दुसरा कॅमेरा नव्हता, कार्ड कुणाच्या हातात गेलं नव्हतं. सुनीलभाऊंनाही काही सांगता येत नाही. कव्हरवर माझं नाव आहे, त्या फोटोमुळे मला कामंही मिळतात. तो आला कुठून, मला आजही ठाऊक नाही. एवढंच कळलंय — पाय मोडून चोपड्याला खाटेवर पडलेला माणूसही माझ्यापेक्षा चांगला फोटो काढतो... आणि मी अजून जळतो.