बिराजदार सर आणि त्यांची उघडी ‘पाणीपाळी’

मी मूळची मुरुडची, चौथीपर्यंत शिकलेली. सरांच्या साठीच्या या पुस्तकात शिकलेल्या माणसांनी लिहिलेलं असणारच. माझ्याही चार ओळी असाव्यात असं पुस्तक काढणारी मंडळी म्हणाली. मला लई आनंद झाला, म्हणून लिहिते.

बिराजदार सरांची नि माझी ओळख नळामुळं झाली. लातुरात आमच्याकडं पाणी कधी आठव्या दिवशी येतं, कधी दहाव्या. त्या दिवशी घर सोडता येत नाही. यापायीच भाचीच्या साखरपुड्याला माझं जाणं हुकलं, ती अजून बोलून दाखवते. असो. सर तेव्हा तंत्रनिकेतनात शिकवायचे. त्यांनी मोबाईलसाठी ‘पाणीपाळी’ म्हणून एक ॲप तयार केलं होतं. ज्या गल्लीत पाणी सुटेल तिथल्या एकानं बटण दाबायचं, की पुढच्या गल्लीला कळतं. आमच्या गल्लीचं बटण सरांनी माझ्याकडं दिलं, कारण मी कायम घरी.

पहिल्याच खेपेला मी घोटाळा केला. नळ फुसफुसला आणि मी बटण दाबलं. पुढची गल्ली घागरी, टिपाडं मांडून उभी, आणि निघाली नुसती हवा. “आजी, आता हवेनंच आंघोळ करावी का?” म्हणून एक बाई दारात येऊन बोलून गेली. संध्याकाळी सर आले. मला वाटलं, बटण काढून घेणार. ते म्हणाले, “मावशी, चूक माझी हाय. मी हवेचा विचारच केला न्हाई.” तेव्हापासून बटण दाबलं की मोबाईल विचारतो, ‘भांड्यात धार पडली का?’ ‘पाणीपाळी’ घडवणाऱ्यांच्या यादीत सरांनी माझं नावही घातलं. नातीनं दाखवलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं.

या ‘पाणीपाळी’ची आतली सगळी लिखावट, म्हणजे कोड, सरांनी इंटरनेटवर उघडी ठेवली आहे. कुणीही वाचावी, न्यावी, आपल्या गावाला लागेल तशी बदलावी. ओपन सोर्स म्हणतात त्याला. नांदेडच्या रेश्मा नावाच्या एका पोरीनं ती तिकडं चालू केली आणि सुधारणा करून सरांना पाठवू लागली. आणखीही पोरं पाठवायची. पण गेल्या उन्हाळ्यात एकेक करत सगळ्यांचं पाठवणं थांबलं. सर एकटेच राबू लागले. हाताला मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी दम दिला. तेव्हा सर म्हणाले, “आता बंदच करतो.”

हे ते बोलले त्यांच्याच गच्चीवर. सुनंदाताई, म्हणजे त्यांच्या मंडळी, आणि मी पापड लाटत होतो.

“कुणी मदतीलाच येत न्हाई बघा, मावशी.”

मी विचारलं, “ती नांदेडची पोरगी पाठवायची, त्याचं काय करत होता?”

“थोडं नीट करून घ्यायचो.”

सुनंदाताईंचं लाटणं थांबलं. “थोडं? सगळं पुसून आपल्या हातानं लिहीत होता की!”

मी म्हणाले, “सर, ताईंनी लाटलेला पापड मी त्यांच्यादेखत परत लाटला, तर उद्या त्या मला गच्चीवर येऊ देतील का?”

“वाकडा असला तर?”

“वाकडा काय तेलात फुगत न्हाई?”

सरांनी तिथूनच स्पीकरवर फोन लावला. “रेश्मा, माझं चुकलं. ‘पाणीपाळी’ आता तू सांभाळ. काय ठेवायचं, काय बदलायचं, ते तू ठरवायचं.”

“सर, परत पुसणार न्हाई ना?”

“न्हाई. पटलं न्हाई तर विचारीन.”

इतक्या पोरांना शिकवलेल्या माणसानं लेकीच्या वयाच्या पोरीला आमच्यादेखत असं म्हणणं सोपं नाही. रेश्मानं पहिल्याच आठवड्यात सरांची आवडती रचना पार बदलली. सर दोन दिवस फोन करून तिला कारणं विचारत होते. पुसलं मात्र नाही. हळूहळू बाकीची पोरंही परत आली. आता कामाचं सगळं नांदेडहून ठरतं.

सरांना भरपूर आयुष्य मिळो, हातातलं बळ टिको. आणि नळाला पाणी आलं की आम्हा सगळ्यांसारखं त्यांनाही ते मोबाईलवरूनच कळत राहो.