ऑर्विलची घंटा

आमच्या मोंटानाच्या या कोपऱ्यात डागणीचा दिवस म्हणजे सणच. सगळे शेजारी जमतात, वासरं पाडतात, तापल्या लोखंडानं मालकाची निशाणी उमटवतात, पण पहिला डाग घरधन्यानंच द्यायचा. ऑर्विल टॅकेट तरुणपणापासून तो देत आला. त्याची निशाणी, म्हणजे ब्रँड, घंटेच्या आकाराची; तिचं लोखंड आजोबांनी स्वतः भट्टीत घडवलेलं. माणूस भलता तिरसट. "मेव्हिस, तुझ्या या पावानं दार अडवता येईल," मला म्हणायचा आणि वर आणखी एक उचलायचा.

हिवाळ्यात त्याला झटका आला, उजवं अंग लुळं पडलं. सह्यांचा अधिकार मुलीकडे, लोर्नाकडे गेला. इस्पितळाचं भागवायला तिनं घंटा एका टोप्या विकणाऱ्या कंपनीला विकली. जमीन नाही, गुरं नाहीत, नुसती सरकारदरबारी नोंदलेली निशाणी. पोरीला वाटलं, स्वस्तात सुटलो. पण म्हाताऱ्याला सांगायचं धाडस काही तिला झालं नाही.

यंदा तो काठी टेकत आला, डाव्या हातानं लोखंड विस्तवात सरकवलं. पहिलं वासरू पाडलं, तेवढ्यात ड्वेन पुढे झाला. गुरांच्या निशाण्या तपासणारा सरकारी माणूस, पण लहानपणी याच अंगणात जेवलेला.

"ऑर्विलकाका, थांबा. घंटा आता तुमची नाही. लोर्नानं टोप्यांच्या कंपनीला विकलीय."

"शुद्धीवर आहेस ना? वासरू माझं, लोखंड माझं!"

"वासरू आत्ता तुमचं. घंटा उमटली की कायद्यानं त्यांचं. माझा इलाज नाही हो काका."

लोर्ना रडायलाच लागली. "बाबा, जमीन तरी वाचली. त्यांना नुसती ब्रँडिंगपुरती हवी होती."

"ब्रँड म्हणजे जळतं लाकूड गं. आजोबा सांगायचे, जुना अर्थ तोच. टोपीला कसला विस्तव लावणार ते?"

वासराचे पाय धरलेली माणसं तशीच बसून राहिली. ऑर्विलनं लालभडक लोखंड उचललं, पार वासराच्या फऱ्यापर्यंत नेलं. मग त्यानं ते पाण्याच्या हौदात बुडवलं.

"सोडा रे त्याला," म्हणाला.

डागाऐवजी वासरांच्या कानांत आम्ही पिवळे बिल्ले टोचले. ऊन चढलं. हॅट घरी विसरलेला ऑर्विल कुंपणापाशी घामाघूम होऊन बसला होता. लोर्नाच्या गाडीत कंपनीनं भेट पाठवलेली टोपी होती, पुढे धाग्यानं सुरेख भरलेली घंटा. तिनं ती घाबरत घाबरत पुढे केली.

त्यानं घेतली. एका हातानं जमेना, म्हणून मीच ती त्याच्या डोक्यावर नीट बसवली.