भोंगेशेठची पोटदुखी

वॉर्डात त्याला खऱ्या नावानं हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्याची आई. बाकी सगळ्यांचा तो भोंगेशेठ. लग्न असो, शाळेचं संमेलन असो की एखाद्या दुकानाचं उद्घाटन, माईक आणि स्पीकर लावायचे ते त्यानंच. टपावर दोन भोंगे बसवलेली त्याची जुनी व्हॅन गल्लीच्या तोंडाशी आली की माणसं आपसूक खिडक्या उघडायची. आवाजही असा खणखणीत की माईक बंद पडला तरी काम अडायचं नाही.

हाच आवाज घेऊन तो नगरसेवकाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. पडला तेही कुणासमोर, तर बेकरीच्या वरच्या खोलीत शिवणक्लास चालवणाऱ्या बाईसमोर. ती इतकं हळू बोलायची की समोरच्याला कान पुढे करावा लागायचा. तिनं प्रचारात एकही भोंगा लावला नाही. जिने चढली, दारात उभी राहिली, लोकांचं ऐकून घेतलं आणि निवडून आली. “शेठचे भोंगे हरले आणि बाईची शिलाई मशीन जिंकली,” असं लोक हसत म्हणायचे. तोही वरवर हसायचा, पण आतून जळून कोळसा व्हायचा.

मग ती साथ आली आणि सगळं बंद झालं. सर्वांत आधी बसला तो त्याचा धंदा. चार माणसांनी जमायचं नाही म्हटल्यावर भोंगा कुणाला हवाय? वायरींची वेटोळी गोदामात पडली आणि तो चहाचा कप घेऊन खिडकीत बसू लागला. नशिबाची थट्टा अशी की ती खिडकी बरोब्बर शिवणक्लाससमोर उघडायची.

त्यामुळे त्याला सगळं दिसायचं. सकाळपासून मशिनी धडधडायच्या, मास्कचे गठ्ठे खाली यायचे. बंद शाळेच्या आवारात चुली पेटल्या आणि हातावर पोट असलेल्यांची जेवणं तिथं शिजू लागली. ती स्वतः जुन्या स्कूटरला औषधांच्या पिशव्या लटकवून गल्लोगल्ली फिरायची. तो बायकोला म्हणायचा, “फोटोसाठी चाललंय सगळं.” मग फोटो काढणारा कुठं दिसतोय का म्हणून मान लांब करून बघायचा. तो काही दिसायचा नाही, आणि त्यानं त्याचं डोकं आणखीच फिरायचं.

पुढे बायकोच शाळेत भाज्या चिरायला जाऊ लागली. विचारलं नाही, नुसतं सांगितलं. त्याच्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपायच्या आत ती बाई खाली येऊन उभी राहिली. आईनं खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सोडली, गोळ्या वर ओढून घेतल्या आणि म्हणाली, “गुणाची पोर आहे हो.” वर्षानुवर्षं त्या गोळ्या आणत होता तो, त्याला गुणाचा कुणी म्हटलं नव्हतं. पुढच्या खेपेला तो मुद्दाम लवकर औषधाच्या दुकानात गेला आणि भर उन्हात रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आल्यावर दुकानदार म्हणाला, “तुमच्या आईच्या गोळ्या ताई सकाळीच घेऊन गेल्या की.”

तो रिकाम्या हातांनी घरी आला.

अशात एक दिवस ताईच त्याच्या दारात आली. मागच्या वस्तीत अफवा पसरली होती की तपासणीला येणारे लोक माणसाला घेऊन जातात ते परत आणतच नाहीत. माणसं आजार लपवत होती, दारं उघडत नव्हती. खरं काय ते तिथं कुणीतरी सांगायला हवं होतं आणि तिला व्हॅन हवी होती. बॅटरी उतरली आहे, हे उत्तर त्यानं तिला जिना चढताना पाहूनच तयार ठेवलं होतं.

ती म्हणाली, “भाऊ, मी ओरडून पाहिलं. माझा आवाज दोन घरांपलीकडे जात नाही. तुमचा जातो.”

हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून तो कित्येक वर्षं झुरला होता. आणि म्हणावं ते हिनंच! बॅटरीचा विषय त्याच्या तोंडून निघालाच नाही. त्यानं होकार दिला, पण मनात हिशेब वेगळाच होता. राबतंय कोण ते वॉर्डाला ऐकू येऊ दे एकदा.

व्हॅन वस्तीत शिरली, खिडक्या उघडल्या. तपासणी कशी होते, माणसाला कुठं नेतात, घरच्यांना कसं कळवतात, हे त्यानं समजावून सांगितलं. लोक ऐकत होते. त्याची छाती फुगली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून एका आजीनं विचारलं, “ताईंनी पाठवलंय ना तुम्हाला?” फुगलेली छाती जागच्या जागी बसली.

मग ताईलाच आजारानं गाठलं. हॉस्पिटलमधून तिचा फोन आला तेव्हा तिला धाप लागत होती. वॉर्ड तुम्हाला पाठ आहे, मी येईपर्यंत सांभाळा, एवढंच ती म्हणाली. फोन ठेवला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद झालाय. तिकडे एक बाई श्वासासाठी झगडतेय आणि इकडे आपल्या मनात उकळ्या फुटतायत, याची त्याला स्वतःचीच भीती वाटली. पण आनंद झाला होता हे खरं.

तो फार टिकला नाही. पाण्याचा टँकर आला नाही म्हणून लोकांनी त्याला सकाळीच शिव्या घातल्या. दुपारी जेवण कमी पडलं. फोन खाली ठेवायची सोय नव्हती. वरच्या आळीतल्या निवृत्त पोस्टमनला दम लागला होता. भोंगेशेठनं एकामागून एक हॉस्पिटलांना फोन लावले, हातापाया पडून एक खाट मिळवली, पण गाडी दारात येईपर्यंत म्हातारा गेला. मुलगा परदेशात, शेजाऱ्यांची दारं घट्ट बंद. शेवटी गाडीचा ड्रायव्हर आणि तो, दोघांनी मिळून पोस्टमनला अरुंद जिन्यावरून खाली आणलं. असे किती जिने ती उतरली असेल, आणि उतरून पुन्हा स्कूटरवरून आपल्या खिडकीखालून गेली असेल, हे मग जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्यावर त्याच्या मनात आलं.

म्हणून मत्सर गेला असं नाही. मत्सर म्हणजे काय अंगावरची धूळ आहे, झटकली की गेली? जेवणाचा डबा घेऊन तो दारात उभा राही आणि डबा घेता घेता माणसं विचारत, “ताई कशा आहेत?” त्याचे पाय सुजले होते. ते कुणी विचारलं नाही.

एका सकाळी ताई गेल्याची बातमी वॉर्डभर झाली. माणसं घराबाहेर आली. जे होऊ नये तेच झालं, चौकात खांद्याला खांदा लागला, बायका रडू लागल्या. हवालदार काठी आपटून थकला. भोंगेशेठनं हॉस्पिटलबाहेर थांबलेल्या ताईच्या बहिणीला फोन लावला, मग व्हॅनमध्ये चढून माईक हातात घेतला.

“ताई आहेत. मी आत्ता त्यांच्या बहिणीशी बोललोय. त्या बऱ्या होतायत, ऑक्सिजनही काढलाय. आता घरात जा. इथं गर्दी करून तुम्ही आजारी पडलात, तर त्या आल्यावर मी त्यांना काय सांगू?”

शेवटच्या वाक्याला तो खणखणीत आवाज चिरकला. चौक हळूहळू रिकामा झाला. बायको शाळेतून आली तेव्हा तो बंद माईक मांडीवर घेऊन व्हॅनमध्येच बसला होता.

“मी मेलो असतो तर एवढी माणसं बाहेर आली असती?” त्यानं विचारलं.

बायकोनं थोडा विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. “पूर्वी नसती आली,” ती म्हणाली. “आता येतील थोडी.”

ताई बरी होऊन आली तेव्हा निम्मी झाली होती, दर चार पायऱ्यांनी थांबत होती. त्यानं वॉर्डाची सगळी कामं तिला परत सोपवली, पण शाळेतला स्वयंपाक मात्र सोडला नाही. तुमच्या जेवणात मीठ कमी असायचं, असं तोंडावर सांगून तो त्यानं स्वतःकडेच ठेवला. ती म्हणाली, ठेवा.

पुढच्या निवडणुकीत तो पुन्हा तिच्याविरुद्धच उभा राहिला. लोक चकित झाले, बायको झाली नाही. तो पुन्हा पडला. मत कुणाला दिलंस, असं त्यानं बायकोला विचारलं नाही, कारण तिनं सांगितलं असतं. या वेळी मात्र तो निकालाच्या दिवशी शिवणक्लासचा जिना चढून अभिनंदन करायला गेला. ताईनं त्याला खुर्ची दिली आणि लगेच मागच्या वस्तीतल्या तुंबलेल्या गटाराचा विषय काढला. कंत्राटदार तिचं ऐकत नव्हता.

“तो हळू बोललेलं ऐकणारा माणूस नाही,” भोंगेशेठ म्हणाला आणि व्हॅनची किल्ली काढून उठला. “चला, मी येतो.”