लायसन्स अंकलचा खिसा

सावंत भावजी एसी दुरुस्तीला आले की चपला काढायच्या आधी खिशातून कागद काढायचे. दुकानाच्या लायसन्सची झेरॉक्स, प्लास्टिकमध्ये घातलेली. "वहिनी, आधी कागद बघा." मी म्हणायची, अहो, शारजात आल्यापासून तुम्हीच आमचा एसी उघडताय, मला काय दाखवता? पण मी तारीख वाचल्याशिवाय त्यांचा हात स्क्रू-ड्रायव्हरला लागायचा नाही. मुलं दार उघडून ओरडायची, "मम्मी, लायसन्स अंकल इज हियर."

आम्ही हसायचो, पण हसण्यासारखं नव्हतं हो ते. त्यांच्या शेजारच्या दुकानातला एक केरळी, लायसन्सची मुदत संपल्यावर काम करताना पकडला गेला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी मायदेशी रवाना झाला. त्याच्या शेगडीवरची मच्छीकरी भावजींनी उतरवली. ते सांगताना आवाज खाली जायचा त्यांचा.

दुकान त्यांचं, घाम त्यांचा, पण लायसन्स अरबाबच्या, म्हणजे कागदोपत्री मालक असलेल्या तिथल्या माणसाच्या नावावर. दरवर्षी त्याची सही लागे. भावजी मिठाईचा पुडा घेऊन त्याच्या दारात बसायचे आणि तो म्हणायचा, "बुकरा, इन्शाल्ला." उद्या. असे आठ-दहा उद्या जायचे. तेवढे दिवस त्यांना जेवण जायचं नाही, आणि त्यांची बायको मुलीच्या शाळेचे दाखले एका पिशवीत भरून दाराशी ठेवायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुढे मुलं मोठी झाली, आम्ही दुबईत राहायला गेलो. माझी मुलगी बाळंत झाली, बाळ नऊ दिवसांचं, आणि भर ऑगस्टात एसी बंद. कंपनीवाले म्हणाले तीन दिवसांनी येऊ. मी भावजींना फोन लावला. त्यांनी आधी पत्ता विचारला. मग म्हणाले, "वहिनी, माझा कागद शारजाचा आहे." दुबईत काम करायला दुबईचं लायसन्स हवं, हे मला का ठाऊक नव्हतं? होतं. तरी मी म्हटलं, बाळ लालबुंद झालंय हो. आजही ते वाक्य मला टोचतं.

आले. दुकानाची गाडी सोडून टॅक्सीनं, हत्यारं मेथीच्या जुड्यांखाली लपवून. आल्या आल्या बजावलं, "पैसे द्यायचे नाहीत. पैसे घेतले तर धंदा, जेवलो तर पाहुणा." मी म्हटलं, कोणी विचारलं तर तुम्ही माझे धाकटे दीर, मेथी घेऊन आलात.

एसीचं तोंड उघडं पडलेलं आणि बेल वाजली. दाराच्या भोकातून पाहिलं, तर गळ्यात बिल्ला, हातात रजिस्टर घेतलेला माणूस. भावजी स्टुलावरून उतरून टेबलाशी बसले, मी पुढ्यात ताट ठेवलं. बोटं काळी, भात पांढरा.

तो माणूस पाण्याचं मीटर बघायला आला होता. मीटर पाहिलं, रजिस्टरात लिहिलं, आणि वळताना उघडा एसी दिसला. "ये कौन बना रहा है?"

मी 'दीर' म्हणणार, तोच भावजी उठले. इतक्या वर्षांची सवय, हात आपसूक खिशात गेला. प्लास्टिकमधला कागद त्याच्यापुढे धरून म्हणाले, "शारजा का है, साब."

त्यानं कागद वाचला. आत बाळ रडत होतं. कागद परत देत तो म्हणाला, "खाना खा लो." पण जाताना दारात उभं राहून रजिस्टरात काहीतरी लिहिलं. काय, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

भावजींनी एसी चालू करून दिला. त्यानंतर दुबईत पाऊल टाकलं नाही. पुढच्या सहीपर्यंतचे पाच महिने मीही देवापाशी दिवा लावताना त्या रजिस्टराचाच विचार करायची. एका दुपारी फोन आला. "वहिनी, झालं." एवढंच, आणि ठेवला.

त्यांच्या मुलीचं शिक्षण झाल्यावर दुकान सोडून ते डोंबिवलीला परतले. मी भेटायला गेले तेव्हा बनियनवर पंख्याखाली बसले होते. घरात एसी नाही. म्हणाले, "आता कसली काळजी नाही, वहिनी."

तेवढ्यात बेल वाजली. दूधवाला होता. पण भावजी उठून उभे राहिले होते आणि हात छातीशी गेला होता, जिथे बनियनला खिसा नसतो.