उतार लागला

चमेलीच्या चहाचा वास आला की मला ॲडलेडमधली ती दुपार आठवते. बाबा गावाकडे खाडीत नाव चालवायचे, माणसं पलीकडे सोडायचे. उतारू मिळाले नाहीत की आमची चूल थंड, आणि तशातून त्यांनी मला कॉलेजात घातलं. नव्वदच्या दशकात मी ॲडलेडच्या मॉसन लेक्स कॅम्पसमध्ये संशोधन करत होतो, आणि तिकडे बाबा तापाने अंथरुणाला खिळले होते. त्या दुपारी लॅबमधल्या चिनी मैत्रिणीने चहा ओतता ओतता एक जुनी कविता समजावली. प्रवाहात नाव अशी सुसाट सुटते की डोंगर भराभर मागे पडतात. "आनंदाची कविता आहे," ती म्हणाली. मलाही ती फार आवडली. पाण्याने नाव उचलली की वल्हं कसं हलकं होतं, ते माझ्या हातांना माहीत होतं. खोलीवर आलो तर पुण्याचा रूममेट हसत म्हणाला, "पार्टी दे, यार! तुझ्या भावाचा फोन होता. बाबांना उतार लागलाय." त्याला वाटलं, ताप उतरला. आमच्या नाववाल्यांत उतार लागला म्हणजे नाव ओहोटीला लागली, आता वल्ह्याने थांबायची नाही. मी पलंगाखालची बॅग ओढली. "अरे, बाबा निघालेत," एवढंच बोललो. दुपारची कविता डोक्यातून जाईना. तसंच सगळं भराभर मागे पडत होतं, आणि नावेत बाबा एकटे होते. मिळेल त्या विमानाने निघालो. घरी जाऊन शेजारी बसलो, तेव्हा बाबांनी डोळे उघडून विचारलं, "जेवलास का?" त्याच संध्याकाळी ते गेले. पुढे मी डॉक्टरेट मिळवली, आमच्या घरातली पहिली, आणि ते मी अभिमानाने सांगतो. पण त्याच्या आधी सांगतो, की मी वेळेत पोचलो होतो.