वीस मिनिटं पुढे

आमच्या कुडवा गावातल्या घरात भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे चालतं. माझी कॉलेजची बस चुकू नये म्हणून आईने ते पुढे केलं आणि पुन्हा कधी मागे घेतलं नाही. मीही लॅपटॉपचं घड्याळ तसंच ठेवलं. घराण्यातली पहिली पदवी मी त्या वीस मिनिटांवर मिळवली, असं ऐटीत सांगायचे.

नोकरी लागली ती पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्रांवर. नाल्याकाठी खांब, खांबावर पेटी, वर सोलरची प्लेट. पातळी किती मिनिटांनी मोजायची, पाऊस कसा धरायचा, नोंदी ऑफिसला कधी पाठवायच्या, हे सगळं केबल जोडून मी यंत्राला सांगायचे. शेवटी एक बटण दाबलं की यंत्र लॅपटॉपची वेळ उचलायचं. पावसाळाभर नोकरी तात्पुरती होती. काम नीट दिसलं तर कायम होणार होती.

भाद्रपदात एका सकाळी साहेबांचा फोन आला.

"मॅडम, नवेगाव बांधकडे खालच्या पुलावर पाणी आधी चढलं आणि वरच्या नाल्यावर मागून. पाणी आता उलटं वाहून राहिलं का?"

पुलावरचं यंत्र माझ्या आधीच्या माणसाने लावलेलं, नाल्यावरचं मी. "माझं चुकणार नाही सर," म्हणाले आणि गाडी काढली. दोन्हींच्या नोंदींवरून वरचं पाणी खाली पोचायला किती वेळ लागतो ते ऑफिसवाले काढणार होते, आणि खालच्या गावांना इशारा त्याच हिशोबाने जाणार होता.

नाल्यावर पोचून केबल जोडली. स्क्रीनवर यंत्राची वेळ आणि लॅपटॉपची वेळ शेजारीशेजारी, अगदी बरोबरीने. अकरा वाजून पस्तीस. हायसं वाटलं. चूक पुलावरच्याचीच, साहेबांना सांगू म्हणून खिशातून मोबाईल काढला.

मोबाईलमध्ये सव्वाअकरा वाजले होते.

दोन महिन्यांची प्रत्येक नोंद आईच्या घड्याळाने झाली होती. लॅपटॉपचं घड्याळ मागे घेऊन एक बटण दाबलं असतं तर वेळ नीट झाली असती, पातळी मोजणारा सेन्सर हलला होता असं खोटं कळवता आलं असतं. घड्याळ मागे घेऊन बोट बटणावर नेलंही होतं.

"काय झालं जी, म्याडम?"

मागे काका उभे होते. पलीकडे त्यांचं धान आहे. रोज सकाळी नाल्यातली पट्टी वाचून पातळी रजिस्टरमध्ये लिहायचं काम त्यांच्याकडे.

"वेळ चुकली काका, यंत्राची."

"वीस मिनिट. पयल्या दिवसापासून पुढं चालून राहिली ना ते मशीन."

"तुम्हाला माहीत होतं? मग सांगितलं काऊन नाही?"

"तुमी विचारलं काऊन नाही? पेटी लावली, फटफट गाडीवर बसल्या, गेल्या. मी म्हटलं, शिकलेल्या बाईनं केलं, काही कारण असंल."

त्यांनी रजिस्टर उघडलं. रेडिओच्या बातम्यांवर मिळवलेल्या मनगटी घड्याळाची वेळ, शेजारी पेटीवर दिसणारी वेळ, मग पट्टीवरची पातळी. एकही सकाळ चुकलेली नव्हती. त्या दोन वेळांत रोज वीस मिनिटांचं अंतर. मला कोणी हे लिहायला सांगितलं असतं तर मी तीन दिवसांत कंटाळले असते.

रस्त्यावरच्या मोरीजवळ जरा रेंज येते. तिथे जाऊन साहेबांना खरं काय ते सांगितलं, लॅपटॉप आणि आईसकट.

"आधी जुन्या नोंदी उतरवून घ्या, मग वेळ बदला," ते म्हणाले. "रजिस्टरच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवा. वीस मिनिटं वजा करू. तुमचं काय करायचं ते नंतर बघू."

ते 'नंतर' दिवाळीपर्यंत लांबलं. फोन वाजला की ताट सोडून उठायचे. शेवटी कागद आला तो कायमचा नव्हता. आणखी एक पावसाळा तात्पुरती.

घरचं घड्याळ मात्र आईने मला हात लावू दिलं नाही. आता नाल्यावर गेले की केबल काढण्याआधी विचारते, "काका, किती वाजले जी?" काका बाही वर सारतात, घड्याळाकडे मुद्दाम निवांत बघतात.

"आधी पेटीवरची वेळ लिहून घ्या, म्याडम," म्हणतात, "मंग सांगतो."