खुर्चीवरची ओढणी

शाळेच्या गॅदरिंगला घरटी दोनच पास होते आणि मांडवातल्या खुर्च्या त्याहून कमी. शेजारच्या खुर्चीवर मी ह्यांच्यासाठी ओढणी टाकून ठेवली होती. एका आजींनी विचारलं, "इथे कुणी आहे का गं?"

"हो, येतायत."

त्या मांडवाच्या बांबूला धरून उभ्या राहिल्या. मग ह्यांचा फोन आला, जमत नाही म्हणून. पण एकदा 'येतायत' म्हटल्यावर ओढणी उचलायचीच लाज वाटली. माणूस येणार नसला, तरी धरलेली जागा आपल्याच्यानं सुटत नाही.

घरी जाताना लेक म्हणाली, "आई, सईची आजी उभी होती. मी नाचताना सारखा खुर्चीकडे हात करत होते. तू नुसत्या टाळ्या वाजवत होतीस."